शेवट ठाऊक असलेली गोष्ट

आमच्या पनवेलच्या घरात मगरिबनंतर अर्धा तास वाचन चालते. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून नववीतली माझी लेक त्यांना उर्दू पुस्तके वाचून दाखवते. सध्या डिप्टी नझीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ चालू आहे. आपल्या मुलींना वाचायला काही चांगले हवे म्हणून त्यांनी ती लिहिली. १८६९ साली ती छापून आली आणि सरकारने १००० रुपयांचे इनामही दिले.

मागच्या आठवड्यात लेकीने पुस्तक मिटले. "अम्मी, पुढचे सगळे कळते. अकबरी फसणार, असगरी घर सावरणार. मग वाचायचे कशाला?" तिला रहस्यकथांची गोडी लागली आहे. मला भीती वाटली, पुस्तकाबरोबर दादी-नातीचा हा अर्धा तासही जाणार.

म्हटले, "हज्जनचा प्रसंग तेवढा वाच, मग ठेव."

हज्जन म्हणवणारी एक ठग बाई अकबरीच्या घरी येते. तिचा डाव आपल्याला आधीच कळतो. गोड बोलून, स्वस्तात वस्तू देऊन ती विश्वास मिळवते आणि शेवटी दागिने घेऊन पसार होते. सासूबाईंनी हे किती वेळा ऐकले असेल! तरी त्या मध्येच कळवळून म्हणाल्या, "अगं, देऊ नकोस तिला दागिने!" लेक हसली, पण पुढचे पान तिने घाईने उलटले.

असगरीबद्दल मात्र लेकीचे मला पटते. ती चुकतच नाही, त्यामुळे जांभई येते. अकबरीचेही पुढचे दिसत असते, पण हावेपायी ती आपल्या हाताने दार उघडते. अशी एखादी बाई आपल्या नात्यात असतेच. तिला अडवावेसे वाटते आणि अडवता येत नाही.

रहस्यकथांचे म्हणाल तर इब्ने सफींचा इमरान घ्या. हुकूम सोडणारा एक्स-टू म्हणजे इमरानच, हे वाचकाला माहीत असते, त्याच्या हाताखालच्या बहुतेकांना नसते. ते त्याला खुळा समजून बोलतात, तिथेच तर हसू फुटते. हे सांगितल्यावर लेक गप्प झाली. पटले असे नाही म्हणाली.

काल तिने असगरीची चार पाने हळूच गाळली. सासूबाईंनी लगेच ओळखले आणि मागे जायला लावले.