डोहाळजेवणाच्या आधी

चौथा महिना लागला की ओकाऱ्या बहुधा थांबतात, तोंडाला चव येते. 'आता काळजी नाही,' असे म्हणून पुष्कळ घरे निर्धास्त होतात, ती थेट सातव्या महिन्यात डोहाळजेवणालाच जागी होतात. खरे तर जपायचे असते ते या मधल्या महिन्यांत.

१८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा मेंदू, मणका, हृदय नीट घडते आहे का, ते पाहतात. (मुलगा की मुलगी, हे विचारू नये, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.) २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पाजून रक्तातली साखर तपासतात. वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन तर प्रत्येक खेपेला. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची; चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नव्हे. शौचाला काळे होते म्हणून ती बंद करू नये. रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ क्रमांक आहे.

यासाठी पैसेच हवेत असे नाही. पेण आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालये आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते.

पण याच तालुक्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या बाईचे नाव वाडीच्या आशाताईंच्या वहीत असते आणि ती स्वतः कुठल्या तरी परक्या गावच्या भट्टीवर चिखल कालवत असते. तिचा पाचवा-सहावा महिना तिथेच सरतो.

बँकेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे मला एक कळते. खातेदार गाव बदलतो तेव्हा त्याचे खाते दुसऱ्या शाखेत नेता येते. माता-बाल संरक्षण कार्ड हे गर्भवतीचे पासबुकच. ते तिच्या बोचक्यात हवे आणि भट्टीजवळच्या उपकेंद्राने 'तुम्ही आमच्या हद्दीतल्या नाही' असे न म्हणता त्यात पुढची नोंद करायला हवी. भट्टीमालकाने ९ तारखेला तिला भरपगारी सुट्टी द्यावी. उचलीचा हिशेब पै-पैचा ठेवता येतो, तर हा एक दिवस जड का व्हावा?

आपल्या घरी डोहाळजेवण जरूर हौसेने करावे. मात्र ओटी भरण्याआधी सुनेचे कार्ड एकदा उघडून पाहावे. मधले रकाने कोरे असतील, तर आधी दवाखाना, मग झोपाळा.