पोट भरले, पण कशाने?

"डॉक्टरसाहेब, लेकरू पोटभर जेवते, मंग अंगाले काहून लागत नाही?" हा प्रश्न आमच्या दवाखान्यात नेहमीचा. विचारणारी कधी आई असते, बहुधा आजी. आणि तिचे म्हणणे खोटे नसते. लेकराचे पोट खरोखरच भरलेले असते.

पोट भरल्याचे मेंदूला कळते कसे? याचा शोध घेणाऱ्यांत एक भारतीय डॉक्टर अग्रभागी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. ऑतार सिंग पेंटल त्यांचे नाव. लखनौला वैद्यकीय शिक्षण, एडिंबरोला संशोधन आणि पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालकपद. जठरापासून मेंदूकडे व्हेगस नावाची मज्जातंतूंची जुडी जाते. केबलीत अनेक तारा असाव्यात, तशी. भूल दिलेल्या मांजराच्या या जुडीतून त्यांनी अतिशय बारीक तंतू सुटे केले आणि त्यांतून धावणारे विजेचे सूक्ष्म ठोके यंत्राने मोठे करून टिपले. जठर फुगवले की ठोक्यांची गर्दी होई, ताण उतरला की ते विरळ होत. जठराच्या भिंतीत ताण ओळखणारी व्यवस्था आहे, हे असे वीज मोजून दाखवले गेले. 1953-54 साली हे काम प्रसिद्ध झाले. मांजराच्या पोटाशी आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण माणसाचा तंतू असा सोडवून कोण देणार?

आता यातली गोम पाहा. हे ठोके ताण सांगतात, कस सांगत नाहीत. 1996 साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाले. जठरातून आतड्याकडे जाणारी वाट तात्पुरती बंद ठेवून जठरात कधी नुसते मिठाचे पाणी, तर कधी पौष्टिक द्रव सोडला. उंदरांचे खाणे कमी झाले ते द्रव किती होता यावर. तो कशाचा होता याने फरक पडला नाही. अन्नाच्या कसाची खबर आतडी देतात, पण त्यासाठी अन्न आधी तिथवर पोचावे लागते. तोवर लेकराने तोंड फिरवलेले असते.

आपल्या घराघरांत नेमके हेच चालते. सहा महिन्यांच्या बाळाला 'पचायला हलके' म्हणून डाळीचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज किंवा साबुदाण्याचे पाणी. वर्षाच्या पोराला चहात बुडवलेले बिस्किट. आठ किलोच्या मुलाच्या जठरात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावते. ती जागा पाण्याने अडवली की जठर इमानाने 'भरले' असा निरोप धाडते, आणि आजी समाधानाने वाटी खाली ठेवते. तूर पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात डाळ मोठ्यांच्या ताटात आणि तिचे पाणी लेकराच्या वाटीत जावे, याचा मला राग येतो. आणि हे केवळ गरिबाघरीच चालते असे नाही, बंगल्यांतही हेच.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालूच ठेवावे. सोबत वरण-भात किंवा खिचडी चांगली कुस्करून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी घट्ट द्यावी. वर चमचाभर तेल किंवा तूप घालावे, त्याने जागा न अडवता ताकद वाढते. शेंगदाण्याचे कूट अगदी बारीक करून अन्नात मिसळावे. अख्खा दाणा लहान मुलाला देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा असे खाणे हवे. चहा अजिबात नको. त्यातील द्रव्ये अन्नातले लोहही नीट शोषू देत नाहीत.

आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावे. ओळीने दोन महिने काटा जागचा हलला नाही, तर लेकरू कितीही 'पोटभर' जेवत असले तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.