प्रभागाची चावडी ओस का?

महानगरपालिका निवडणुकांचा गुलाल आता धुऊन निघाला आहे. जानेवारी २०२६मध्ये राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत आधीच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२मध्येच संपली होती. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे, या साध्या प्रश्नाचेही नेमके उत्तर या काळात सामान्य नागरिकापाशी नव्हते. 'आता नगरसेवक आले, आता कामे होतील,' असा सुटकेचा सूर म्हणूनच ठिकठिकाणी उमटला. हा सूर स्वाभाविक आहे. पण पुरेसा नाही. महापौर कोणाचा आणि स्थायी समिती कोणाकडे, या चर्चेत वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. प्रभाग समितीत कोण बसणार आणि तेथे काय करणार, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. वास्तविक आपल्या गल्लीतील नळ, दिवा, पदपथ आणि कचरा यांचा सर्वांत जवळचा संबंध याच समितीशी आहे.

प्रभाग समिती ही कोणा आयुक्ताने सोयीसाठी काढलेली शाखा नव्हे. तिचा जन्म राज्यघटनेतून झाला आहे. संसदेने १९९२मध्ये संमत केलेली ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन झाल्याच पाहिजेत, असे तिने सांगितले. याच दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीद्वारे नागरी स्वराज्य संस्थांसाठी १८ विषयांची यादी दिली. तीत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्यापासून झोपडपट्टी सुधारणा, उद्याने आणि स्मशानभूमीपर्यंत माणसाच्या नागरी जीवनाचा सारा पसारा आला. महाराष्ट्राच्या कायद्याने या समितीची रचनाही ठरवून दिली. त्या क्षेत्रातील सर्व नगरसेवक, प्रभागाचा प्रभारी अधिकारी आणि समाजकार्य करणाऱ्या संस्थांमधून नामनिर्देशित केलेले जास्तीत जास्त तीन सदस्य, अशी ही बैठक. नागरिकांच्या सामाईक तक्रारींचा तातडीने निपटारा करणे, ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या स्थानिक कामांना मंजुरी देणे आणि आपल्या क्षेत्राच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे, ही तिची प्रमुख कामे. गावाच्या चावडीवर जे घडावे, तेच शहरात येथे घडावे, एवढीच घटनाकारांच्या पुढच्या पिढीची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात या चावडीवर काय चालते? कामकाजाच्या दिवशी, बहुतेकांच्या कचेरीच्या वेळेत, बैठक बोलावलेली असते. विषयपत्रिका नागरिकांना ठाऊक नसते. गणपूर्तीची वाट पाहण्यात पहिला अर्धा तास जातो. कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक, पाणीपुरवठ्याचे अधिकारी माना खाली घालून बसतात. 'माहिती घेऊन कळवतो' हे उत्तर मागच्या बैठकीत दिलेले असते, तेच या बैठकीत दिले जाते. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी मिळते. पण त्यातील किती विषय मार्गी लागले, हे विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. समाजकार्यकर्त्यांसाठी राखलेल्या त्या तीन जागा अनेक ठिकाणी उमेदवारी हुकलेल्यांचे समाधान करण्याच्या कामी येतात. ज्या आसनावर परिसरातील अनुभवी शिक्षिकेने, वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी वा बचतगटाच्या प्रमुख भगिनीने बसावे, तेथे पक्षाचा नाराज कार्यकर्ता बसतो. दोष एखाद्या पक्षाचा नाही. ही रीत सर्वांनी मिळून रूढ केली आहे.

परिसर सुधारणेचा पैसा कोणत्या वाटेने जातो, हेही पाहण्याजोगे आहे. पुण्याच्या अंदाजपत्रकातील 'स' यादी हा शब्द तेथील नागरिकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ही यादी. तत्त्व म्हणून तीत वावगे काही नाही. आपल्या प्रभागाची गरज नगरसेवकाला कळणार नाही तर कोणाला? पण या वाटेने बाके, नामफलक आणि कापडी पिशव्या किती आल्या, सुस्थितीतील पदपथ उखडून पुन्हा फरशा किती वेळा बसवल्या, याच्या कहाण्या पुणेकरांना तोंडपाठ आहेत. पुढे वर्ष सरत आले की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात. एका कामासाठी धरलेली रक्कम दुसरीकडे वळवली जाते आणि मार्चअखेर देयकांची घाई उडते. जमिनीखालची सांडपाण्याची वाहिनी कोणाला दिसत नाही. बाकावरचे नाव येताजाता दिसते. जे दिसते तेच केले जाते, हा आपल्या परिसर सुधारणेचा अलिखित नियम होऊन बसला आहे.

उत्तरदायित्वाची दुसरी गाठ प्रभागरचनेत आहे. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे. अन्य महापालिकांत मात्र बहुसदस्य प्रभागांची पद्धत आली. पुण्यात २०१७मध्ये ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले. म्हणजे बहुतेक प्रभागांत चौघेजण. गल्लीतला दिवा बंद पडला तर चौघांपैकी कोणी उत्तर द्यायचे? श्रेय घ्यायला चौघे आणि जबाब द्यायला कोणीच नाही, असा अनुभव नागरिक सांगतात. अशा रचनेत तर चौघांना एकत्र बसवून, सर्वांसमक्ष विचारणारे व्यासपीठ अधिकच आवश्यक ठरते.

तसे व्यासपीठ कायद्यात आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. महाराष्ट्राने २००९मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून 'क्षेत्र सभा' आणली. खेड्यात जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची ही सभा. नगरसेवकाने ती ठराविक काळात बोलावली पाहिजे आणि न बोलावल्यास त्याचे पद धोक्यात येऊ शकते, इथपर्यंत तरतूद करण्यात आली. पण कायदा पुस्तकात राहिला. बहुतेक शहरांत क्षेत्रांच्या सीमा निश्चित करण्याचे प्राथमिक कामही वर्षानुवर्षे रेंगाळले. सीमाच नाही म्हणून सभा नाही, आणि सभा नाही म्हणून विचारणा नाही. शासनाला घाई नव्हती, नगरसेवकांना गरज नव्हती. प्रश्न एवढाच, की नागरिकांना तरी ती वाटली का?

येथे आपण स्वतःकडे वळले पाहिजे. व्यवस्थेवर बोट ठेवणे सोपे असते; पण ज्या दाराला कडी नाही, ते दार आपण किती वेळा ढकलून पाहिले? पुणे महापालिकेने २००६मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याचा उपक्रम सुरू केला. पाच लाख रुपयांपर्यंतचे आपल्या परिसरातील काम कोणाही नागरिकाने अर्ज भरून सुचवावे, क्षेत्रीय कार्यालयाने त्याची छाननी करावी आणि प्रभाग समितीच्या संमतीने ते अंदाजपत्रकात जावे, अशी त्याची पद्धत. देशातील शहरांपुढे हा एक चांगला वस्तुपाठ होता. पण अर्ज कोण भरतो? ज्याला लिहिता येते, वेळ आहे, कार्यालयात जाण्याचा संकोच नाही, तो. म्हणजे बहुधा तुमच्याआमच्यासारखा गृहनिर्माण संस्थेतील सभासद. तो पदपथ मागतो, बसथांब्याची शेड मागतो, कोपऱ्यावर बाक मागतो. त्याच्या मागण्या खोट्या नाहीत. परंतु त्याच संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत सार्वजनिक शौचालयाला दार नसते आणि नळाला पहाटे तासभर पाणी येते. सकाळी आपल्या घरी धुणीभांडी करायला येणारी बाई त्या शौचालयापुढील रांगेतून आलेली असते. तिने अर्ज भरलेला नसतो. तिची मागणी यादीत नसते. आणि यादीत नाही ते गरजेचे नाही, असा कार्यालयाचा हिशेब असतो.

परिसर सुधारणेची खरी कसोटी येथे लागते. समित्या ओस राहिल्या तर कंत्राटदारांचे फावते, हे खरेच. पण त्या केवळ सुखवस्तू नागरिकांनी भरल्या, तर सुधारणाही त्यांच्याच दारापुढे येऊन थांबते. ज्या वस्त्यांना आपण सेवावस्ती म्हणतो, तेथे वैद्यकीय शिबिरे आणि अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते ठिकठिकाणी आहेत. त्यांचे काम मोलाचे आहे. मात्र महापालिकेच्या पैशातून जे हक्काने व्हायला हवे, ते देणगीतून किती दिवस करायचे? वस्तीतील माणसांना सोबत घेऊन प्रभाग कार्यालयात जाणे, त्यांचा अर्ज त्यांच्याच शब्दांत लिहून देणे आणि बैठकीत त्यांनाच बोलू देणे, हीदेखील सेवाच आहे. कदाचित अधिक चिवट.

नागरिकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईने घालून दिले आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओला आणि सुका कचरा वेगळा करून गल्लीची कळा पालटली. महापालिकेने तोच धडा उचलून प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना आखली आणि ती शहरभर पसरली. कचरा घरातच वेगळा करण्याचा दंडक देशभरच्या नियमांत ठळकपणे आला तो २०१६मध्ये. एका गल्लीने तो कितीतरी आधी अंगी बाणवला होता. पुढे अनेक ठिकाणी या समित्या मंदावल्या, हेही मान्य केले पाहिजे. चारदोन ज्येष्ठांच्या खांद्यावर उभे राहिलेले काम ते थकले की थांबते. उत्साहाने सुरू होते आणि सातत्याअभावी संपते, हा आपल्या सार्वजनिक कामाचा जुनाच रोग आहे.

या कामाला कोणी किरकोळ समजू नये. महात्मा जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत असल्याचे पाहून त्यांनी १८८०मध्ये नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले आणि लोकांच्या आरोग्याचा व नीतीचा प्रश्न पुढे केला. एवढा मोठा समाजसुधारक नगरपालिकेच्या समितीला पत्र लिहिण्यात कमीपणा मानत नव्हता. सरदार वल्लभभाई पटेल १९१७मध्ये अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले आणि त्यांनी आरोग्य समितीचे अध्यक्षपद घेतले. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. लोक घरे सोडून जात असताना हे नामांकित बॅरिस्टर शहरातच राहिले आणि गल्लोगल्ली फिरून गटारे, सफाई व औषधफवारणीचे काम पाहू लागले. पुढे संस्थाने विलीन करून देशाचा नकाशा सांधणाऱ्या या पुरुषाच्या सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ असा गटारांच्या पाहणीने झाला. लहान काम नेटाने करणाऱ्यालाच मोठे काम पेलते, याहून वेगळा बोध तो कोणता?

नव्या सभागृहांकडून काही अपेक्षा रास्त आहेत. प्रभाग समितीच्या बैठकीची तारीख आणि विषयपत्रिका आधी जाहीर व्हावी. इतिवृत्त आणि मंजूर कामांची यादी रकमेसह कार्यालयाच्या फलकावर लागावी. तीन नामनिर्देशित जागांवर खरोखर समाजकार्य करणाऱ्या व्यक्ती याव्यात आणि त्यांत वस्तीतील किमान एक महिला असावी. क्षेत्र सभांच्या सीमा ठरवून पहिली सभा बोलावण्याचे धैर्य नगरसेवकांनी दाखवावे. यांतील कशालाही फार मोठा निधी लागत नाही. लागते ती फक्त इच्छा.

आणि ही इच्छा वरून झिरपत येत नाही. ती खालून रेटावी लागते. प्रत्येक परिसरातील तिघांनी एवढे ठरवले तरी पुरे. महिन्यातून एक सकाळ प्रभाग कार्यालयासाठी राखून ठेवायची. आपल्या भागातील पाच कामांची यादी करायची. त्यांतील किमान दोन शेजारच्या वस्तीतील माणसांनी सांगितलेली असावीत. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची. उत्तर आले नाही तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहेच. अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाते ते वर्षाच्या आरंभी; म्हणून आपली मागणी पावसाळा सरता सरता कार्यालयात पोहोचली पाहिजे. या कामात भाषण नाही, हार नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. कदाचित म्हणूनच ते करायला माणसे मिळत नाहीत.

मतदानाच्या दिवशी बोटाला लागलेली शाई काही आठवड्यांत पुसली जाते. नगरसेवकाची मुदत मात्र पाच वर्षांची असते. या पाच वर्षांत बारमाही जागे राहणारे नागरिक प्रभागाला लाभले, तर चावडी पुन्हा गजबजेल. ते लाभले नाहीत, तर पुढच्या निवडणुकीतही आपण त्याच तुंबलेल्या गटाराविषयी, त्याच नव्या बाकावर बसून तक्रार करीत राहू. आणि भिंतीपलीकडची ती रांग तशीच उभी असेल.