काला झाल्यावर

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची वेळ संपली की पुढचा माणूस येतो, उभ्याउभ्याच वीणा गळ्यात घेतो आणि दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. देणारे आजोबा आणि घेणारा अकरावीतला पोरगा असला तरी आजोबा वाकतातच. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, आपल्या गोदाकाठच्या कोणत्याही गावात हे पाहायला मिळतं. त्या दिवसांत अरेतुरे बंद, समोरचा प्रत्येक जण माउली. बांधावरून वर्षभर अबोला धरलेले भाऊ एकाच पंगतीत वाढायला उभे राहतात.

मग काल्याचं कीर्तन होतं, महाप्रसाद होतो, मांडव सुटतो. महिन्याभरात ग्रामसभा लागते. पाण्याच्या टाकीचा विषय निघतो आणि काल माउली म्हणणाऱ्या तोंडून आईबहिणीचा उद्धार सुरू होतो. बाई बोलायला उठली तर ‘तू बस खाली’ म्हणून तिला गप्प केलं जातं. निवडणुकीत वेगळ्या पॅनलला मत दिलं म्हणून रामराम घेणं बंद होतं, लग्नाची पत्रिका दारापर्यंत येत नाही. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर विशीतली पोरं बापाच्या वयाच्या माणसाला नको ते बोलतात आणि मोठी माणसं खाली हसण्याची चित्रं टाकतात. या हसण्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे रीत नाही असं नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या दासीच्या पायावर आज सगळा तालुका डोकं ठेवतो. शेगावची पालखी पंढरीला जाताना परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेनं जाते, तेव्हा रांग न मोडता, आवाज न चढवता हजारो माणसं दर्शन घेतात. परभणीत तुराबुल हक शाह यांच्या उरुसाला फेब्रुवारीत हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून चालतात. हे सगळं आपणच करतो.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवून चालणार नाही. काही गावांत सप्ताहाची पंगतही अजून सगळ्यांची झालेली नाही. वस्तीवरच्या माणसांना आमंत्रण जातं, पण वाढपी आणि आचारी ठरवताना त्यांचं नाव निघत नाही. जयभीमला जयभीमनं उत्तर द्यायला काहींची जीभ अडते. सप्ताहाची रीत वाचवायची तर ती आधी पूर्ण करावी लागेल.

आणि शिव्या थांबवणंही गावाला जमू शकतं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. कुणी म्हणेल, दंडानं जीभ सुधारते का? माझ्या मते रकमेपेक्षा महत्त्वाचं हे, की गावानं एकत्र बसून ‘हे आम्हाला चालणार नाही’ असं उघड म्हटलं. तोवर शिवी ही ज्याची त्याची सवय होती, ठरावानंतर ती गावाचा अपमान ठरली.

आपल्याला तर नवं काही उभारायचंही नाही. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरते. तीच खरी भरवा. शिवीबंदीचा ठराव तिथून येऊ द्या, कारण शिवीत नाव त्यांचंच घेतलं जातं. सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत तो पहिला विषय म्हणून घ्यावा. बोलणाऱ्याचं पूर्ण होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवावा. ग्रुपच्या अॅडमिननं शिवीचा मजकूर त्याच क्षणी काढावा आणि लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याशी बोलावं.

कीर्तनकार महाराजांनाही हात जोडून विनंती आहे. काल्याच्या कीर्तनात दहा मिनिटं यासाठी द्या, गाव तुमचं ऐकतं. आणि भजनी मंडळींनो, यंदाच्या सप्ताहाच्या बैठकीत वाढप्यांची यादी कराल तेव्हा गावातल्या प्रत्येक वस्तीचं नाव त्यात घ्या, ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे त्याच्या घरी आमंत्रण द्यायला स्वतः जा.