संगणकाचं डोकं निववायचं कसं?

बालमित्रांनो, गरम दुधाचं भांडं आई परातीतल्या पाण्यात ठेवते, हे तुम्ही पाहिलंच असेल. नुसतं ओट्यावर ठेवलेलं दूध निवायला वेळ लागतो, पाण्यात ठेवलं की लवकर निवतं. थोड्या वेळाने परातीतलं पाणीच कोमट होतं, मग आई ते बदलते. ही युक्ती लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चेहरा पडलेला. ‘‘बाई, कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय. ताईचं काम अडलंय.’’ त्याची ताई घरीच लग्नपत्रिका तयार करून देते. त्याचा घराला हातभार लागतो. खोदून विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. खेळ झकास चालावेत म्हणून स्वारीने प्रोसेसरचा वेग गुपचूप वाढवला होता! याला म्हणतात ‘ओव्हरक्लॉकिंग’.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं. कवायतीच्या ठेक्यावर आपण पावलं टाकतो ना, तसाच तो एका ठेक्यावर काम करतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके! ठेका वाढवला की कामं भराभर होतात. पण त्या घाईत चुका होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा विजेचा दाबही वाढवावा लागतो. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के वाढवला, तर उष्णता किती वाढेल? १.२ × १.१ × १.१ करून बघा. जवळजवळ ४५ टक्के! तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर संगणक बंद पडतो.

मग उपाय? परातीचाच! प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतात. तांबंच का? आपल्या नाशिकची तांब्या-पितळेची भांडी तर प्रसिद्धच. तांब्याच्या पेल्यात गरम पाणी ओतलं की बाहेरून लगेच चटका बसतो. तांबं उष्णता झटकन पुढे पोचवतं. ठोकळ्यातून छोटा पंप पाणी फिरवतो. तापलेलं पाणी नळीने रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखा ते निववतो आणि तेच पाणी परत येतं. परातीतलं पाणी बदलायलाच नको! मात्र नळाचं पाणी चालत नाही, क्षार साचतात. आणि नळी गळली तर सगळंच जळायची भीती.

पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही पाण्यानेच निववतात. त्याची तेव्हाची क्षमता सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडींची!

‘‘बाई, मग मीपण पाणी बसवू?’’ स्वारीचे डोळे चमकले.

‘‘बसव की, पण स्वतःच्या संगणकाला. ज्यावर ताईचं काम चालतं, त्याला नाही.’’

‘‘मग ताईला तुम्हीच सांगा ना.’’

‘‘छे! वेग कुणी वाढवला? तूच सांगायचं.’’

त्याने सांगितलं. बोलणी खाल्ली. वेग पूर्वीसारखा केला, पंख्यावरची धूळ झटकली. आता पत्रिका वेळेवर निघतात, आणि स्वारी पैसे साठवते आहे. यंत्राचा वेग वाढवायला हरकत नाही, पण आधी त्याचा ताप सोसायची सोय हवी. आणि यंत्र दुसऱ्याचं असेल, तर परवानगीही!

तुमच्या बाई