गोठा मांडा, गुडघे मागू नका



आगमनकाळ आला की आम्हा धर्मशिक्षकांना शाळांतून बोलावणी येतात. लहान मुलांचं नाताळचं नाटक बसवून द्या, दोन गाणी शिकवा. काही वर्षांपूर्वी इथे हैदराबादेतच एका शाळेच्या दुसरीच्या वर्गात आम्ही असंच नाटक बसवलं. मारिया झाली होती एक मुसलमान मुलगी. पाठांतर तिचंच चांगलं होतं. गोष्टही तिला घरून ठाऊक होती, कारण कुराणातला १९ वा अध्याय मरियमच्याच नावाचा आहे आणि त्यात बाळंतवेणांच्या वेळी मरियम खजुराच्या झाडाशी येते. हे तिला वर्गाला सांगायचं होतं. आम्ही म्हटलं, आपल्या गोष्टीत खजूर नाही. (गोठ्यात मात्र थर्माकोलचं खजुराचं झाड उभं होतं.)

शेवटी सगळ्या मुलांनी गोठ्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची, असं आम्हीच लिहिलं होतं. तिचे ओठ मिटलेले राहिले. बाईंनी मागून खांद्याला बोट लावलं, तेव्हा ते हलले. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या.

हे सांगितलं की आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, शाळा आपली, सण आपला, पटत नसेल त्यांनी दुसरीकडे प्रवेश घ्यावा. हेच वाक्य आपल्या लेकरांच्या शाळेत सरस्वतीपूजनाच्या दिवशी कुणी आपल्याला ऐकवलं तर? तेव्हा आपल्याला घटनेचा अनुच्छेद २८ आठवतो. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाची लागते. तो अनुच्छेद आपल्यापुरता लिहिलेला नाही. प्रवेशअर्जावरची सही म्हणजे अशी संमती, हे आम्हांला पटत नाही.

केरळात १९८५ साली यहोवाचे साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. मिटलेल्या ओठांना या देशात संरक्षण मिळालं ते ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या एका घरातल्या मुलांमुळे. आणि आपण त्या मुलीच्या खांद्याला बोट लावतो! २०२४ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना सांगितलं की अन्यधर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका. तरी आपल्याकडे कोणी ते मनावर घेतल्याचं दिसत नाही.

दुसरी पळवाट आम्हांला तितकीच खटकते. भांडण नको म्हणून गोठाच काढायचा, येशूचं नाव गाळायचं, कापसाचा बर्फ पसरायचा, लाल टोप्या वाटायच्या आणि त्याला सर्वसमावेशक हिवाळी उत्सव म्हणायचं. हैदराबादेत बर्फ कुणाच्या आजीने पाहिलाय? सांताक्लॉजच्या मुळाशी चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस आहेत, पण दुकानातल्या लाल टोपीत ते उरलेले नाहीत. अशाने मुलं एकमेकांबद्दल काहीच शिकत नाहीत. शेजारच्या बाकावरचा मुलगा पंचवीस डिसेंबरला मिस्साला का जातो, हे त्यांना कळायलाच हवं. सांगणं वेगळं, करायला लावणं वेगळं.

कुणी म्हणेल, मागींनी नमन केलं नव्हतं का? केलं. पण ते आपल्या पायांनी, आपल्या ताऱ्याच्या मागे आले. मारियेने त्यांना खाली बसा म्हटलं नाही, आणि ते आपल्या देशी परतले तेव्हा कुणी अडवलंही नाही. त्या गोष्टीत मागींना हुकूम सोडणारा एकच आहे, हेरोद.

यंदा आम्ही संहिता बदलली आहे. निवेदक ख्रिस्ती मूलच असेल आणि ते 'आम्ही ख्रिस्ती लोक असं मानतो' अशी सुरुवात करील. प्रार्थना नाटकात नाही. नंतर चॅपेलमध्ये, येईल त्याच्यासाठी. पालकांना इंग्रजी, तेलुगू आणि उर्दूत चिठ्ठी जाईल, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला पडद्याचं काम मिळेल, कोपरा नाही. नाटकाच्या आदल्या तासाला ज्यांच्या घरी ही गोष्ट वेगळी सांगतात त्यांनी ती वर्गात सांगायची आहे.

त्या मुलीचा धाकटा भाऊ आता दुसरीत आहे. खजुराची गोष्ट मीच सांगणार, असं त्याने आत्ताच बाईंना बजावून ठेवलंय.