घरातलं बीपी मशिन किती दिवसांनी तपासून घ्यावं?

दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. साखर दहा ग्रॅम कमी मिळू नये म्हणून एवढी काळजी! पण ज्या आकड्यावर तुमच्या गोळीचा डोस ठरतो, त्या घरच्या बीपी मशिनचा शिक्का बघायला कोणी येत नाही. इथे निजामपुऱ्यात अनेक रुग्ण बीपी वहीत लिहून आणतात. सवय उत्तम. पण मशिन शेवटचं कधी तपासलं, हे बहुतेकांना सांगता येत नाही.

घरच्या मोजणीत 135/85 ही हद्द धरतात. मशिन 5 ने जास्त दाखवत असेल तर वरचं बीपी 132 चं 137 दिसतं आणि गरज नसताना गोळी वाढू शकते. 5 ने कमी दाखवत असेल तर 138 चं 133 होतं आणि हवा तो उपचार लांबतो. दिवसातून चार वेळा मोजलं तरी ही चूक निघत नाही, कारण ती प्रत्येक वेळी तेवढीच असते.

मग मुदत किती?

माझ्या मते, चुकीचा परिणाम जितका मोठा, तितकी तपासणी लवकर हवी. चांगल्या लॅबमध्ये रुग्णांचे नमुने लावण्याआधी रोज ठरावीक किमतीचा कंट्रोल नमुना तपासतात, कारण एक मशिन बिघडलं तर दिवसभराचे रिपोर्ट चुकतात. घरी इतकं नको, पण एवढं कराच:

- बीपी मशिन: वर्षातून एकदा दवाखान्यात आणा. पाच मिनिटं शांत बसून, एकाच दंडावर, दोन्ही मशिननी आलटून पालटून मोजू. सरासरीत 5 पर्यंत फरक चालतो. 6 ते 10 असेल तर पुन्हा तपासू. 10 हून जास्त असेल तर मशिन बदला.
- ग्लुकोमीटर: स्ट्रिप्सची नवी डबी उघडली की कंट्रोल सोल्युशनने तपासा. पावसाळ्यात डबीचं झाकण घट्ट लावा. दमटपणाने स्ट्रिप्स खराब होतात. लॅबमध्ये 200 आलेली साखर मीटरवर 170 ते 230 दिसली तर ते मान्य मर्यादेत आहे, घाबरू नका.
- मुदतीची वाट पाहू नका: यंत्र पडलं, बीपीचा पट्टा बदलला किंवा आकडा तुमच्या त्रासाशी जुळेना, तर लगेच तपासा.

यंत्रावर शंका आली म्हणून गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. आणि तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, "तुमचं मशिन कधी तपासलंय?" हा उद्धटपणा नाही. माझ्या टेबलावरच्या मशिनबद्दलही हा प्रश्न जरूर विचारा.